मिसिंग : प्लग, वायरी आणि बाकीचे संशयित

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत 'गाडी मिसिंग करते' ही तक्रार सगळ्यात वर असते. कुणी तिला आचके म्हणतं, कुणी झटके, कुणी नुसतंच 'गाडी लंगडते' असं लिहितं. मुद्दा एकच असतो : एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन वेळेवर पेटत नाही आणि त्याचा भार बाकीच्यांना ओढावा लागतो. त्यातली निवडक पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. सगळी पेट्रोल आणि सीएनजीवाल्यांची आहेत. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे डिझेलवाल्यांनी थोडं थांबावं.

प्रश्न : माझी २००७ची सँट्रो आहे. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी पहिली दहा-पंधरा मिनिटं गाडी थरथरते, आचके देते. दुपारी एकदम ठीक. पण कुंभार्ली घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पुन्हा तेच. एक मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर साफ करा, दुसरा म्हणतो टाकीतला पेट्रोल पंप गेला. कुणाचं ऐकू? (चिपळूण)

उत्तर : आत्ता तरी कुणाचंच नको. तुमच्या पत्रात दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या आहेत, दमट सकाळ आणि घाटातला चढ. या दोन्ही वेळी कुरकुर करतं ते इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा : कॉइल, प्लग वायरी आणि प्लग. पेट्रोल पंपाला हवा दमट आहे की कोरडी याच्याशी काही देणंघेणं नसतं. पंप कमी पडला तर गाडी चढावर दम सोडते, मंदावत जाते. असे तोडून तोडून आचके देत नाही. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तुंबला असेल तर पाऊस असो नसो, त्रास रोज दिसतो आणि बहुधा आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) जास्त जाणवतो.

घाटातच का, हे समजून घेतलंत तर पुढे कुठल्याही गाडीचं निम्मं निदान स्वतः करता येईल. प्लगच्या टोकाशी साधारण एक मिलिमीटरची फट असते. मोकळ्या हवेत एवढी फट ओलांडायला ठिणगीला सुमारे ३,००० व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलेलं असतं, आणि दाब वाढेल तसे ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात. आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद, आत हवा थोडी, दाब कमी, म्हणून तिथे भागून जातं. चढावर पाय दाबलात की सिलिंडर गच्च भरतो आणि मागणी पंधरा-वीस हजार व्होल्टच्या घरात जाते. कॉइल व्होल्टेज चढवत नेते, पण वाटेत वायरीचं रबर चिरलेलं असेल तर वीज प्लगपर्यंत जायच्या आधीच तिथून उडी मारून इंजिनाच्या हेडला मिळते. बागेतल्या जुन्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की मधल्या भेगांतून पाणी फवारायला लागतं, तसाच हा प्रकार.

सकाळचं कारण थोडं वेगळं. वायरींवर आणि कॉइलवर बसलेली धूळ कोरडी असताना फारसं नुकसान करत नाही. तीच रात्रभराच्या दमट हवेने ओलसर झाली की विजेला पृष्ठभागावरून सरकायला वाट मिळते. इंजिन तापलं, ओल उडाली, वाट बंद. तुमची दहा-पंधरा मिनिटं त्याचीच.

खात्री करायला एक पैसाही लागत नाही. रात्री अंगणातला दिवा बंद करा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बॉनेट उघडं, इंजिन चालू. इस्त्रीच्या वेळी वापरतो त्या फवाऱ्याने प्लग वायरींवर हातभर अंतरावरून पाण्याचं अगदी बारीक धुकं सोडा. रबर फुटलं असेल तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतील आणि नखाने टिचकी मारावी तसा टिक टिक आवाज येईल. त्याच क्षणी इंजिनही अडखळेल. पंखा आणि बेल्टपासून लांब राहा, ओढणी किंवा सैल बाही नको, आणि काहीही झालं तरी वायरीला हात लावू नका. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी चालू इंजिनावर वाकून हा प्रयोग करूच नये, दुसऱ्या कुणाला सांगावं.

मग इंजिन बंद करून, गार झाल्यावर, वायरींच्या टोकांचे रबरी बूट एकेक करून काढून आत टॉर्च मारा. पेन्सिलीने रेघ ओढावी तशी राखाडी रेघ आत किंवा प्लगच्या पांढऱ्या पोर्सलीनवर दिसली, तर वीज तिथूनच पळत होती. ती रेघ कार्बनची असते आणि पुसून जात नाही. त्या रेघेचा प्लग आणि त्याची वायर दोन्ही जोडीने बदलायचे, नाहीतर एकाची रेघ दुसऱ्यावर उमटते. कॉइलच्या बाजूची टोकंही बघा. कोकणातल्या हवेत तिथे हिरवट-पांढरी पूड साचलेली हमखास सापडते.

इतक्या जुन्या गाडीत वायरी मूळच्याच असतील तर चारही बदला. प्लग जुने असतील तर तेही त्याच वेळी, कारण झिजलेल्या प्लगची फट रुंदावलेली असते. ती जास्त व्होल्ट मागते आणि नव्या वायरींचं आयुष्य खाते.

प्रश्न : आमचा मेकॅनिक चालू इंजिनावर एकेक प्लग वायर उपसून 'हा सिलिंडर गेला' असं सांगतो. परवा त्याला चांगलाच झटका बसला. ही पद्धत बरोबर आहे का? कुठला सिलिंडर मिसिंग करतोय हे घरी कळू शकतं का? (नाशिक)

उत्तर : पद्धत फियाट-अँबेसेडरच्या जमान्यातली आहे आणि त्या गाड्यांना ती चालून जायची. ईसीयूवाल्या, म्हणजे इंजिन संगणकावर चालणाऱ्या गाडीत ती करू देऊ नका. वायर उपसली की कॉइलला वीज सोडायला जागा उरत नाही. ती कॉइलच्या आतलंच इन्सुलेशन फोडून बाहेर पडते आणि मिसिंगचा खर्च होता तिथे कॉइलचाही खर्च येतो. शिवाय त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पडतच राहतं. ते न जळता एक्झॉस्टमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे जळतं. कन्व्हर्टरची किंमत एकदा विचारून बघा.

त्याऐवजी इंजिन बंद करून एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा, पुन्हा सुरू करा. आरपीएम पडला, थरथर वाढली, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर हाच तुमचा झोपलेला गडी. कनेक्टर परत लावून पुढच्याकडे जा.

आणखी एक जुनी, पण अजूनही पक्की युक्ती. रात्रभर गार असलेली गाडी सुरू करून मिनिटभर चालू द्या, मग एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक नळीवर, हेडच्या अगदी जवळ, पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. तीन ठिकाणी चर्र आवाज करून पाणी उडेल. जिथे थेंब नुसताच ओघळेल तो सिलिंडर पेटत नाही. ज्यांच्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर आहे त्यांनी तो वापरावा. थेंब मॅनिफोल्ड नुकताच तापू लागलेला असतानाच टाकायचे. लालबुंद तापलेल्या ओतीव लोखंडावर पाणी ओतायचं नाही.

२०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासणी यंत्रणेचा, स्कॅनर लावला की हे सगळं न करताही कळतं. पी०३०१ हा कोड म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात, असंच पुढे. पी०३०० आला तर मिसिंग एका जागी नाही, विखुरलेलं आहे. तेव्हा प्लगमागे न धावता हवा कुठून शिरतेय आणि पेट्रोलचा दाब किती आहे ते आधी पाहावं.

समजा पी०३०२ आला. दुसऱ्याचा प्लग तिसऱ्यात टाका, तिसऱ्याचा दुसऱ्यात, कोड पुसा आणि एक चक्कर मारा. आता पी०३०३ आला, तर प्लग दोषी. पी०३०२च राहिला, तर प्लग सुटला. मग वायरींची अशीच अदलाबदल, जेवढी लांबी पुरेल तेवढी. डिस्ट्रिब्युटर (फिरत्या रोटरने एकाच कॉइलची वीज पाळीपाळीने सगळ्या प्लगांना वाटणारा डबा) नसलेल्या अनेक चार सिलिंडरच्या गाड्यांत एक कॉइल १ आणि ४ला, दुसरी २ आणि ३ला ठिणगी देते. अशी जोडीच एकदम झोपली असेल तर संशय थेट कॉइलवर.

प्रश्न : मल्टीमीटरने प्लग वायरी मोजल्या. चार वायरींचे आकडे ५, ७ आणि ८ किलोओम आणि चौथीचा ३१. पहिल्या तीनही वेगवेगळ्या का? आणि चौथी एकटीच बदलली तर चालेल? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पहिल्या तिघींची लांबी वेगळी म्हणून आकडे वेगळे. या वायरीच्या पोटात तांब्याची तार नसते, कार्बन भरलेला धागा असतो आणि रेझिस्टन्स मुद्दाम ठेवलेला असतो. तो नसेल तर रेडिओत खरखर येते आणि ईसीयूच्या कामातही लुडबुड होते. मीटरभर वायरीला साधारण १० ते २० किलोओम हे नेहमीचं माप, त्यामुळे आखूड वायरीचा आकडा कमी येणारच. तुमच्या चौथीचं लांबीशी काही जुळत नाही, म्हणजे तिचा धागा आतून तुटत आलाय. आकडा वाचताना वायर हळूच वाकवून, टोकाशी हलवून पाहा. मीटर उड्या मारायला लागला तर वायर संपली म्हणून समजा.

पण बाकीच्या तिघी 'पास' झाल्या असं धरू नका. मल्टीमीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर मोजतो. गाडीत तीच वायर वीस हजार व्होल्ट झेलते. मीटर धागा अखंड आहे एवढंच सांगेल, वरचं रबर फुटलंय का हे त्याला दिसत नाही. चौघी एकाच दिवशी बसल्या, एकाच उष्णतेत भाजल्या. सेट बदला.

प्रश्न : माझ्या गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं आहे. पेट्रोलवर लोण्यासारखी चालते, सीएनजीवर ५० ते ६०च्या वेगात झटके देते. कधी कधी एअर फिल्टरमध्ये फाट् असा आवाज होतो. किटवाला म्हणतो किटमध्ये दोष नाही. (वसई)

उत्तर : या वेळी किटवाल्याचं म्हणणं बहुधा खरं आहे, पण ते त्याने मीटर लावून म्हटलेलं नसावं. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. म्हणून अर्धवट म्हातारे झालेले प्लग आणि वायरी पेट्रोलवर वेळ मारून नेतात आणि गॅसवर उघडे पडतात. सीएनजी गाड्यांत इग्निशनचा दोष सगळ्यात आधी गॅसवरच दिसतो, हा नियमच समजा. एअर फिल्टरमधला फटाकाही त्यातलाच. उशिरा पेटलेला, अजून जळत असलेला गॅस, व्हॉल्व उघडताना इनटेकमध्ये साचलेल्या मिश्रणाला आग लावतो. मिक्सर असलेल्या जुन्या किटमध्ये हा धोका जास्त, कारण तिथे अख्खी इनटेक नळी गॅस-हवेने भरलेली असते. फिल्टरचा डबा फुटल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा दुर्लक्ष करू नका.

आधी प्लग आणि वायरी नव्या घ्या. प्लगची फट किटवाल्याने दिलेल्या मापाला बसवा. पेट्रोलवर १.१ मिलिमीटर ठेवायला सांगितलेल्या प्लगची फट गॅससाठी बऱ्याचदा ०.७ ते ०.८पर्यंत आणतात, म्हणजे कमी व्होल्टमध्ये काम होतं. फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पात्यांनी, मोजायची, डोळ्यांनी नाही. इरिडियम प्लग असेल तर त्याचं टोक इतकं बारीक असतं की चुकीच्या हत्याराने तुटतं. तो नेमक्या फटीचाच विकत घ्या.

एवढं करूनही झटके राहिले तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व आणि तो उघडणाऱ्या भागातली फट, तपासा. गॅस कोरडा असतो, आणि गॅसवर सतत पळालेल्या गाडीत व्हॉल्वची बैठक झिजून व्हॉल्व हेडमध्ये वर सरकतो. मग टॅपेटची फट कमी कमी होत शेवटी उरतच नाही, व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. हा दोष मात्र गाडी तापल्यावर पेट्रोलवरही जाणवतो. त्यानंतरच गॅस फिल्टर, गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर, गॅस इंजेक्टर यांच्याकडे जा.

प्रश्न : घरी जुनी, डिस्ट्रिब्युटरवाली एस्टीम आहे. प्लग आणि प्लग वायरींचा नवा सेट आणून ठेवलाय. पाने, फिलर गेज सगळं आहे, हात शिवशिवतायत. स्वतः बसवू का? काय सांभाळू? (कोल्हापूर)

उत्तर : जरूर बसवा. रविवारची सकाळ पुरे. काम अवघड नाही, घाई मात्र त्यात चालत नाही.

इंजिन पूर्ण गार हवं. हेड अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग खोललात तर आटे प्लगबरोबर बाहेर येऊ शकतात. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. मग मोबाइलने वरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा : कुठली वायर कॅपच्या कुठल्या टोकावरून निघून कुठल्या क्लिपमधून जाते, सगळं दिसलं पाहिजे. नवा सेट आणि जुन्या वायरी वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी मांडून लांबी जुळवा. डब्यावर गाडीचं नाव बरोबर असूनही आतली लांबी चुकलेली निघते, आणि ते सगळ्या वायरी काढून झाल्यावर कळलं तर दुकान रविवारी बंद असतं.

एका वेळी एकच वायर. ही एवढी गोष्ट पाळलीत तर नंबर चुकण्याचा प्रश्नच येत नाही. बूट हातात धरा, वायर नाही. आधी डावी-उजवीकडे अर्धा वळसा द्या, चिकटलेलं रबर सुटल्याचं हाताला कळतं, मग सरळ वर ओढा. नुसती वायर ओढली तर धातूचं टोक प्लगवरच राहतं आणि रिकामं रबर हातात येतं.

प्लग फिरवण्याआधी त्याच्या भोवतीच्या खळग्यात हवा मारा. टायरवाल्याची हवा नसेल तर सायकलचा पंप चालेल. तिथली खडी आणि माती प्लग निघाल्यावर थेट सिलिंडरमध्ये पडते. जुने प्लग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका पुठ्ठ्यावर ठेवा. फिकट तपकिरी टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त, ओला तेलकट काळा म्हणजे आत ऑइल येतंय, पांढराफटक आणि फोड आलेला म्हणजे तो सिलिंडर जास्त तापतोय. चारांपैकी एकच वेगळा असेल तर त्याचा नंबर लिहून ठेवा.

नवा प्लग पान्याने सुरू करायचा नाही. पेट्रोलच्या रबरी पाइपाचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवा आणि त्याने प्लग भोकात उतरवून बोटांनी फिरवा. आटे सरळ लागत असतील तर प्लग लोण्यात सुरी जावी तसा उतरतो. तिरका लागला तर रबर हातातच घसरतं, आणि तेच आपल्याला हवं असतं. पाना असं घसरत नाही, तो आटे कापत जातो. बोटांनी पूर्ण बसल्यावर पान्याने नव्या वॉशरचा प्लग अर्धा ते दोनतृतीयांश फेरा आवळा, बस. टॉर्क पाना असेल तर १४ मिलिमीटरच्या प्लगला २५ न्यूटन-मीटरच्या आसपास. 'अजून थोडं' हा मोह आवरा.

नव्या वायरीच्या बुटात आतून सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटाने पातळ फिरवा. चाकाचं ग्रीस किंवा व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगतं. बूट दाबताना टक् असा आवाज किंवा हाताला खटका लागला पाहिजे. तो लागला नाही तर वायर बसलेली नाही, मग वरून कितीही छान दिसो.

वायरी जिथून गेल्या होत्या तिथूनच न्या, सगळ्या क्लिपा लावा, एक्झॉस्टला टेकू देऊ नका. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, म्हणजे तिसऱ्यानंतर लगेच चौथा पेटतो आणि हे दोघे शेजारी आहेत. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून लांबवर गेल्या तर एकीतल्या विजेने दुसरीत वीज उमटते आणि चौथा सिलिंडर वेळेआधी पेटतो. नव्या वायरी नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून सगळ्या एका गठ्ठ्यात टायने बांधणारे लोक हा आजार स्वतः विकत घेतात. कंपनीने प्लास्टिकच्या क्लिपा दिल्यात त्या याचसाठी.

आता डिस्ट्रिब्युटर. त्याची कॅपही उघडा आणि उलटी करून उजेडात धरा. आतल्या टोकांमध्ये केसासारखी काळी रेघ, मधल्या कार्बनचा तुटलेला ठोकळा किंवा रोटरचं जळून खड्डे पडलेलं टोक दिसलं तर तेही बदला. चकाचक वायरी फुटक्या कॅपला जोडण्यात अर्थ नाही.

प्रश्न : प्लग काढला तर पांढऱ्या पोर्सलीनवर, लोखंडी भागाच्या लगेच वर, तपकिरी पट्टा दिसला. कॉम्प्रेशन गळतंय म्हणून मेकॅनिक चारही प्लग फेकायला सांगतो. (सांगली)

उत्तर : फेकू नका. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे आणि धुळीचे कण तिथे ओढले जाऊन चिकटतात, त्याचा तो डाग. प्लगचं काम त्याने बिघडत नाही. बाकी टोक आणि फट ठीक असेल तर पुसून परत लावा.

प्रश्न : प्लग, वायरी, कॉइल, शेवटी सेन्सरसुद्धा बदलला. तेरा हजार गेले. मिसिंग जसंच्या तसं. आता काय राहिलं? (लातूर)

उत्तर : राहिलं ते तपासणं. आतापर्यंत झाली ती बदली.

पेट्रोल पेटायला तीन गोष्टी लागतात : ठिणगी, योग्य मिश्रण आणि दाब. तुमचे सगळे पैसे पहिलीवर गेले. आता उलट्या टोकाने, दाबापासून सुरुवात करा. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजून घ्या. नुसता आकडा बघू नका, चौघांतला फरक बघा. सेंटिमीटर-चौरसामागे एक किलोपेक्षा जास्त फरक असेल तर दुखणं तिथे आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन्ही कमी असतील तर गॅस्केट त्यांच्या मध्ये फुटलंय. कूलंट कुठे सांडत नसताना कमी होत असेल, सकाळी पहिली दोन मिनिटंच मिसिंग असेल आणि चारांपैकी एकच प्लग धुऊन काढल्यासारखा स्वच्छ निघाला असेल, तर रात्रभरात थोडं पाणी सिलिंडरमध्ये झिरपतंय. हे टाळत बसाल तर हेड वाकतं.

दाब ठीक आला तर मिश्रण. इनटेकचं गॅस्केट किंवा एखादी व्हॅक्यूमची रबरी नळी चिरली की न मोजलेली हवा आत शिरते. आयडलिंगला मिसिंग आणि रेस दिल्यावर ठीक, ही तिची ओळख. म्हणजे चिपळूणच्या पत्राच्या बरोब्बर उलट. गॅरेजमध्ये धुराचं यंत्र असेल तर पाच मिनिटांत भोक सापडतं. काही जण चालू गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून शोधतात. तो पेट घेतो, मी सुचवणार नाही. त्यानंतर पेट्रोलचा दाब आणि इंजेक्टर.

पेट्रोलबद्दल एक आणखी. हल्ली पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल-पाणी खाली बसतं आणि पंप नेमकं तेच उचलतो. तुमचं मिसिंग टाकी भरल्यानंतर किंवा गाडी महिनाभर उभी राहिल्यानंतर सुरू झालं असेल, तर बाटलीभर पेट्रोल काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवून बघा. दोन थर दिसले की शोध संपला.

आणि बदललेले जुने भाग मागून घ्या. त्यातली कॉइल बहुधा चांगली असेल, डिकीत राहू द्या.

प्रश्न : वॉशिंग सेंटरला इंजिन धुऊन घेतलं. तेव्हापासून चेक इंजिनची लाइट लुकलुकते आणि गाडी हलते. माझ्या गाडीला प्लग वायरी नाहीतच, असं शोरूमवाले म्हणतात. (पिंपरी)

उत्तर : बरोबर म्हणतात. अलीकडच्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसलेली असते. वायर गेली, बूट मात्र राहिला. प्रेशरचं पाणी प्लगच्या खोल विहिरीत गेलंय आणि निघायला जागा नाही. लाइट नुसती लागून राहिली तर गाडी गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. लुकलुकत असेल तर कन्व्हर्टर जळेल इतकं मिसिंग चालू आहे, गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करून कॉइली काढा, विहिरीत हवा मारा, बूट आतून कोरडे करा. विहिरीत पाण्याऐवजी ऑइल निघालं तर ते टॅपेट कव्हरचं पॅकिंग. ते बदलल्याशिवाय नवी कॉइल टाकलीत तर तिचाही बूट फुगणार.

प्रश्न : स्प्लेंडर पावसात बंद पडते, प्लग बदलून झाला. (अकोला)

उत्तर : प्लगची टोपी बघा. ती वायरीवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. उलटी फिरवून काढा, वायरीचं टोक हिरवं पडलं असेल तर पाच-सहा मिलिमीटर कापून ताजी तार उघडी करा आणि टोपी पुन्हा घट्ट फिरवून बसवा. टोपीला तडा असेल तर नवी घ्या. कॉइलपर्यंत जाण्याआधी एवढं करून बघाच.

प्रश्न : जाड लाल रंगाच्या 'परफॉर्मन्स' वायरी लावल्या तर मायलेज वाढतं का? (ठाणे)

उत्तर : नाही. तुमच्या जुन्या वायरी गळत असतील तर कुठल्याही नव्या वायरीने वाढेल, लाल असो की काळी.

प्रश्न : एका महिन्यात उंदरांनी दुसऱ्यांदा प्लग वायर कुरतडली. तंबाखू, डांबर गोळ्या, सगळं करून झालं. (दापोली)

उत्तर : वासाचे उपाय इंजिनाच्या उष्णतेत चार दिवसांत उडून जातात. उंदराला बॉनेटखाली ऊब आणि आडोसा हवा असतो, म्हणून गाडी रोज एकाच जागी, भिंतीला किंवा लाकडाच्या ढिगाला लागून उभी करू नका. नारळाची सोडणं, कोंबड्यांचं खाद्य असलं काही जवळ असेल तर ते आधी हलवा. खालून शिरायच्या वाटा बारीक जाळीने बंद करता येतात, पण जाळी पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून लांब राहील अशी बसवून घ्या. कुरतडलेल्या वायरीला इन्सुलेशन टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. घरगुती टेप वीस हजार व्होल्टपुढे टिकत नाही, पहिल्याच पावसात वीज त्यातून बाहेर येते. आणि वायर बदलताना शेजारची इंजेक्टरची बारीक वायरिंगही उजेडात तपासा, ती बहुधा त्याच रात्री चावलेली असते.